शिशाचा एप्रन

"हा शिशाचा एप्रन चिरलाय, त्यातून किरण थेट अंगात जातात. नवा आणा, तोवर मी पेशंटला धरून उभी राहणार नाही," एक्स-रे काढणाऱ्या पोरीने मोठ्या डॉक्टरांना तोंडावर सांगितलं.

"तुझ्या आधीच्या काकांनी वीस वर्षं ह्याच एप्रनवर काढली, कधी हूं की चूं केलं नाही. तुलाच काय सोनं लागलंय?" डॉक्टर खेकसले. "घाल, नाहीतर उद्यापासून घरी बस."

नाइलाजाने एप्रन चढवून ती आत गेली. टेबलावर कॅन्सरने पोखरलेला म्हातारा होता. तिने त्याला सावरून धरलं, तसा त्याचा हात एप्रनच्या चिरेवर बरोब्बर जाऊन थांबला.



"तपासणीवाले आले की ही बाजू भिंतीकडे करून टांगत जा, पोरी. मी वीस वर्षं तेच केलं."