तपासनिसाचं नाक

“घ्या वास, सायब! तुमी म्हनाल ता खरा,” म्हणत सखूनं सोललेलं, हळद चोळलेलं कोंबडं महिपतरावांच्या थेट नाकासमोर धरलं.

रत्नागिरीच्या बाजारात भर उन्हात भांडण पेटलं होतं. गिऱ्हाईक काशीराम म्हणत होता, कोंबडं कालचं आहे, वास मारतंय. सखू म्हणत होती, वास मारतोय तो शेजारच्या सुक्या बांगड्यांचा. जमलेल्यांतले काही कोंबड्याला नाक लावून बघत, काही बांगड्यांना, आणि कुणाचं कुणाशी पटत नव्हतं. शेवटी सखूनंच बाजारतपासनिसांना बोलावणं धाडलं.

महिपतराव मुंबईहून शिकून आलेले. मांसातले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण मांस नासवायला लागले की वास त्यांची चहाडी करतो, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत. पंचाईत एवढीच, की पावसाळ्यातल्या तापानं त्यांचं नाक साफ गेलं होतं. गुलाब आणि गटार त्यांना सारखंच. नोकरी जाईल या धास्तीनं त्यांनी हे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. मांसाचा रंग बघायचा, बोटानं दाबायचं, वर उगाच दीर्घ श्वास घ्यायचा, असं निभावून नेत. आज रंग हळदीखाली झाकला होता.

त्यांनी वाकून श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. सगळा बाजार त्यांच्या नाकपुड्यांकडे बघत होता.

“लेक बाळंतीण हाय, सायब. तिला रस्सा द्यायचाय,” काशीराम हळूच म्हणाला. “नीट बघा.”

बाळंतीण! महिपतरावांनी ठरवलं, पुरे झाली ही लपवाछपवी. मान खाली घालून, जड आवाजात त्यांनी कबूल केलं, “मला वास येत नाही.”

“आयकलात?” सखूनं टाळी वाजवली. “सायबांना वास येत न्हाय! कोंबडा ताजा हाय!”

गर्दी हसली. काशीराम ओशाळला. त्यानं पिशवी पुढे केली आणि कोंबडं तिच्यात पडलंसुद्धा.

महिपतराव बघतच राहिले. आता काही बोलायची गरजच नव्हती. शब्द खरा, नोकरी शाबूत. काशीराम घराच्या वाटेला लागला. पाचपन्नास पावलं गेला असेल नसेल, महिपतराव धोतर सावरत त्याच्यामागे धावले आणि त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

“अरे बाबा, मला कसलाच वास येत नाही! नाकच गेलंय माझं!”

सगळा बाजार तिकडे वळला. हातातून निसटलेलं गिऱ्हाईक बघून सखू उसळली.

“ता काय मना ठाव न्हाय? म्हनून तं तुमास्नी बोलावलं!”