दांडे नराला, पाला मादीला

थांब रे, मधे बोलू नको, नुसतं ऐक! आपल्या बाळकुम गावचा भिवा ठाण्याला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होता ना, तो साहेब विलायतेला परत गेला आणि जाताना सशांची जोडी भिवाला देऊन गेला. त्यातला नर असा हावरा, की आपला पाला फस्त करून मादीच्या वाट्यावर तुटून पडायचा. मादी बिचारी वाळत चालली. वेगवेगळं ठेवलं तर दोघंही खाण्याला तोंड लावेनात! मग भिवाच्या बायकोनं, तुळसानं, शक्कल काढली. नराला मुळ्याचे जाड दांडे, मादीला कोवळा पाला. तो कुरतडत बसला, तोवर तिचंही पोट भरलं.

सासू म्हणाली, "अगं, नराला आधी खाऊ दे पोटभर. उरेल ते मादीचं. आपण नाय का पुरुषांच्या मागून जेवत?"

त्याच दुपारी तुळसानं भिवाच्या शेजारी स्वतःचंही ताट मांडलं आणि बसली की! त्याला वाढला काटेरी मासा, स्वतःला घेतली मऊ कोळंबी.

"तुळसे, यात नुसते काटेच हायत गं!"

"सावकाश जेवा. आज उरलंसुरलं खायला मी मागं थांबणार नाय."

सासू कडाडली, "भिवा, ऊठ त्या पंगतीतनं!"

भिवानं एकदा आईकडं बघितलं, एकदा बायकोकडं. आता तू सांग, त्याच्या जागी तू असतास, तर उठला असतास?