बाबांच्या खुंटीवरचं कातडं

फरसाठी मारलेल्या रकूनच्या कातड्यावरची चरबी खरवडण्यात बाबांचा हात धरणारा आमच्या मिसूरीत कोणी नव्हता. दोन मुठींच्या सुरीची बोथट कड चालवायची, धारेची फक्त मानेवरच्या चिवट मांसाला. मी घाईत पोटाशीही धारच फिरवली आणि बोटभर भोक पाडलं. बाबा कॉफीला घरात गेले तेवढ्यात मी ते कातडं त्यांच्या खुंटीला अडकवलं आणि त्यांचं एक माझ्या. शनिवारी कातड्यांचा व्यापारी आला. भोकातून बोट काढून हलवत म्हणाला, “काय रे व्हर्न, म्हातारा झालास की!” बाबांनी हसण्यावारी नेलं. मी खुंट्यांकडे बघत राहिलो. तो गेल्यावर बाबांनी भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला, सुरी पुसून माझ्या हातात ठेवली. “चाळीस वर्षांत एक कातडं फाडलं नव्हतं मी. आणि मला कळलंसुद्धा नाही बघ. आता तूच खरवड. तुझ्या खुंटीवरच्या एकाही कातड्याला भोक नाही.”