अर्धी घोषणा

निवडणूक स्वबळावर लढायची की युतीत, यावरून तळा तालुक्याच्या पार्टी ऑफिसात सकाळपासून जुंपली होती. शेवटी हात वर झाले. युतीवाले जिंकले आणि स्वबळवाल्या आमच्या चांगदेवभाईंचं तालुकाध्यक्षपद गेलं. भाई चपला घालून जिना उतरले. मागे मी एकटाच. गाडी पक्षाची, म्हणून आम्ही चालतच एसटी स्टँडवर आलो. भाई निघाले की घोषणा मीच द्यायची, हे ठरलेलं. मी नाव घेतो, लोक 'विजय असो' म्हणतात. "आज नको रं, अंबाजी," भाई म्हणाले. "आपलं हाय कोन हितं?" पण भाई आत बसले, माणगावची गाडी हलली आणि मला राहवलं नाही. "चांगदेवभाईंचा..." मी ओरडलो. स्टँडवरच्या लोकांनी माना वर केल्या, परत मोबाईलमध्ये घातल्या. माझी मूठ तशीच वर राहिली. मग खिडकीतून दुसरी मूठ बाहेर निघाली आणि भाईंचाच आवाज आला, "विजय असो!"