स्वतः तपासलेली इमारत

“या इमारतीला सुस्थितीचा दाखला दिला कोणी? त्या गाढवाचा परवाना आधी काढून घ्या!” केळसकर कडाडला. नुकत्याच रिकाम्या केलेल्या त्या इमारतीच्या तुळईला बोटभर रुंद तडा गेला होता. आतली सळई गंजून फुगली होती.

महापालिकेच्या परवाना अधिकारी सावेबाईंनी मान डोलावली. संरचना अभियंता असलेल्या केळसकरच्या परवान्याचे नूतनीकरण करण्यापूर्वी परीक्षा म्हणून त्यांनीच त्याला इथे आणले होते.

“ही इमारत पूर्वी कधी पाहिली होतीत?”

“छे, मॅडम! आजच पहिल्यांदा.”

“तसं लिहून द्या.”

त्याने झोकात लिहून सही केली. शाई वाळेपर्यंत सावेबाई थांबल्या. वर्षापूर्वी त्याने दाखला दिलेली दुसरी एक इमारत कोसळून त्यांची बहीण गेली होती. ‘प्रत्येक इमारत मी स्वतः तपासतो’ एवढ्या एका शपथेवर तो चौकशीतून सुटला होता.

मग त्यांनी या इमारतीचा तीन महिन्यांपूर्वीचा दाखला त्याच्यापुढे धरला. खालची सही आणि आत्ताची सही हुबेहूब जुळत होत्या.

“गाढवाची सूचना मंजूर,” सावेबाई म्हणाल्या.