नाही म्हणणारा नळ

मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा खुर्शीदा शाळेच्या फाटकाशी उभी होती. रोजच असायची. देऊळघाटहून येणाऱ्या ऑटोतून उतरायचं, उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली ओढणीखाली धरायची आणि सहावीच्या वर्गाकडे पाहत थांबायचं. तिची लेक उमैमा रक्ताच्या आजारातून उठून शाळेत परतली होती. तिचे केस आता कानापर्यंत आले होते. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिला बाकीच्या मुलींसारखं राहू द्या, शुद्ध केलेलं पाणी चालेल. खुर्शीदाने मान हलवली होती आणि घरी येऊन पुन्हा पातेलं गॅसवर चढवलं होतं.

आज विज्ञानाच्या अपेक्षा मॅडम स्वतः फाटकापर्यंत आल्या.

"ताई, आत या. पाण्याचं नवं मशीन लागलं. एकदा पाहून तर घ्या."

मशीन व्हरांड्यात होतं. समोर पेले घेतलेल्या मुलींची रांग. शेजारच्या बाकावर दोन लहान बाटल्या ठेवल्या होत्या. एकीतलं पाणी शाईसारखं काळं, दुसरीतलं नितळ.

"हे काळं जुन्या मशीनचं," मॅडम म्हणाल्या. "बाटलीत औषध असते. घाण असली का पाणी काळं पडते. वरचा जार सीलबंद होता, तरी असं झालं. जंतू आतल्या टाकीत आन् नळाच्या तोंडात वाढले होते."

खुर्शीदाला या काळ्या पाण्यावरून झालेली पालकसभा आठवत होती. शाळेचं नाव खराब होईल, असं कोणीतरी म्हणालं होतं. मॅडम काळी बाटली हातात धरून तशाच उभ्या राहिल्या होत्या. मशीन त्याच दिवशी बंद झालं होतं.

"आन् हे नव्याचं." मॅडमनी नितळ बाटली तिच्या हातात दिली. "यात आत एक दिवा आहे, अल्ट्राव्हायोलेटचा. त्याचा उजेड टाकीतल्या पाण्यावर पडते, नळाच्या तोंडावरही पडते. त्या उजेडात जंतू टिकत नाहीत. पाण्यात काही टाकावं लागत नाही."

खुर्शीदाने बाटली उन्हात धरून पाहिली.

"पाणी तर मॅडम, पहिलेबी साफच दिसे."

"खरं आहे. डोळ्याले दिसत नाही."

"मंग तुमचा दिवा बिघडला तर? कोणाले समजन?"

मॅडम काही बोलणार तेवढ्यात लाईट गेली. वर्गातले पंखे मंद होत थांबले. मशीनवरचा निळा ठिपका विझला. नळाशी उभी असलेली मुलगी कळ दाबत राहिली, पण एक थेंब आला नाही.

"मॅडम, पाणी संपलं काय?"

"टाकी भरलेली आहे."

"मंग येऊन काऊन नाही राह्यलं?"

"दिवा बंद आहे ना. दिवा बंद असला का हे पाणी देत नाही. थांबा जरा."

मुली कुरकुरल्या. ऊन व्हरांड्याच्या पायरीपर्यंत आलं होतं. कोणीतरी मशीनवर थाप मारून पाहिली. शिपाई तुळशीराम लगबगीने आला.

"मॅडम, वरचं झाकण काढून तांब्यानं देऊ का? पोरी तहानल्या हो. पाणी तर आतच आहे."

"नको, तुळशीरामभाऊ."

"एक दिवसानं काय होते?"

"नको," मॅडम पुन्हा म्हणाल्या. आवाज चढला नाही.

खुर्शीदा त्या बंद नळाकडे पाहत राहिली. आजारपणाच्या सगळ्या दिवसांत लोक तिला एकच सांगत आले होते. काही होत नाही. दवाखान्याच्या दारातल्या चहावाल्यापासून सख्ख्या नणंदेपर्यंत सगळे. घोटभर पाण्यानं काय होते, एवढं काऊन भेतं. नाही म्हणणारी ती एकटीच असायची, आणि त्यापायी किती जणांशी वाकडं आलं होतं. इथे टाकी भरलेली असताना एक मशीन नाही म्हणत होतं, आणि त्याच्याजवळ एक बाई, शांतपणे.

लाईट आली. निळा ठिपका लागला. पहिल्या मुलीने घाईने कळ दाबली, तरी नळ कोरडाच.

"दम धर. दिव्याले पुरा लागू दे," मॅडम म्हणाल्या.

मग आत कुठेतरी खट्ट झालं आणि धार सुरू झाली.

उमैमा डबा संपवून आली होती. नेहमीसारखा तिने हात पुढे केला. खुर्शीदाने ओढणीखालची बाटली दिली नाही. मॅडमकडे वळून तिने विचारलं, "एक पेला भेटन का हिच्यासाठी?"

मॅडमनी आपल्या डब्याच्या पिशवीतून स्टीलचा पेला काढून दिला.

"जा," खुर्शीदा लेकीला म्हणाली. "लाइन में लग."

उमैमा क्षणभर आईकडे पाहत राहिली. मग पळत जाऊन रांगेत शिरली. तिची पाळी आली. तिने पेला काठोकाठ भरला, तिथेच उभी राहून सावकाश प्याली, आणि पुन्हा भरायला लागली.

मागच्या मुलीने तिला कोपराने ढोसलं. "सरक न बे. तुह्या एकटीसाठी आहे काय मशीन?"

पेला हिंदकळला. उमैमाचा फ्रॉक पुढून भिजला. खुर्शीदाचा पाय आपोआप पुढे पडला.

उमैमाने वळून उरलेलं पाणी त्या मुलीच्या तोंडावर उडवलं आणि हसत मैदानाकडे पळाली. ती मुलगी तिच्यामागे.

खुर्शीदा होती तिथेच थांबली. आजारपणानंतर तिच्या लेकीला आज पहिल्यांदा कोणी ढकललं होतं.