उत्तर आलं नाही म्हणजे

समिधाच्या शुक्रवारच्या मेलला सुभाषनी उत्तर दिलंच नव्हतं. पाली कोळीवाड्याच्या मच्छीमार सोसायटीत, नवं ॲप दाखवायच्या सभेत, मागच्या खुर्चीवर बसून त्यांना आता तोच आठवत होता. कोड जोडून 'सर, एकदा नजर टाकाल?' एवढंच तिनं लिहिलं होतं.

नजर टाकली होती. चूक पाचव्या मिनिटाला सापडली. दर्यातल्या होड्यांची यादी सर्व्हरनं फोनला जेसनमध्ये, म्हणजे नुसत्या माहितीच्या रूपात द्यायची होती. जावाच्या फ्रेमवर्कला, म्हणजे प्रोग्रामच्या तयार सांगाड्याला, तसं सांगणारी एका शब्दाची खूण समिधा लावायला विसरली होती. ती नसली की फ्रेमवर्क माहिती पाठवायचं सोडून भलतंच पान शोधत बसतं आणि फोन कोरा राहतो.

एक शब्द. पण तो लिहायला सुभाषचा हात उठला नाही. सोसायटीच्या ॲपचं हे काम त्यांना हवं होतं. मीरा रोडच्या चार टेबलांच्या ऑफिसात त्यांनी एकोणीस वर्षं घातली होती. मालक साईराजनं काम दिलं या चोवीस वर्षांच्या मुलीला, वर म्हणाला, "काय स्पीड आहे पोरीचा!" त्या दिवशी सुभाषचा डबा तसाच घरी गेला. पडू दे एकदा तोंडावर, असं मनात आलं. त्यांनी ते येऊ दिलं.

आता सगळ्या सोसायटीसमोर ती पडत होती.

"काय गो पोरी," शकू नाखवीण फोन हलवत म्हणाली, "माजा घरवाला दर्यात हाय का न्हाय? ह्यात तं कायच दिसत न्हाय!"

"सुटला बिचारा!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

साईराज हसला नाही. "समिधा, कोड चेक केला होतास ना? हे काम गेलं तर तुला ठेवणं मला जमणार नाही."

"कोडमध्ये चूक नाही सर." ती ठाम होती. "सुभाष सरांना पाठवला होता. चूक असली तरच सर लिहितात. उत्तर आलं नाही म्हणजे बरोबर. इथलं नेटवर्कच गंडलंय."

आणि ती खरंच खिडकीशी जाऊन, फोन उंच धरून रेंज शोधू लागली.

सुभाषचे कान तापले. कुणाला 'छान' म्हणायला ते जन्मभर लाजत आले होते. त्यांचं गप्प राहणंच ऑफिसातले लोक शाबासकी समजत, हे त्यांना आज कळत होतं.

त्यांनी फोन काढला. तो मेल उघडला. उत्तरात साईराजचंही नाव घातलं, आणि पाठवून दिलं:

'समिधा, नेटवर्क ठीक आहे. अकराव्या ओळीवर खूण लावायची राहिली आहे. मला शुक्रवारीच दिसलं होतं.'